कोब्यावर गाय का घसरते आणि खाचा कशा माराव्यात

शिरूर तालुक्यातून एका ताईंनी विचारलंय: अठरा एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) गाई आहेत, उन्हाळ्यात नवा गोठा बांधला, खाली छान घोटलेला कोबा केला. पाऊस सुरू झाल्यापासून तीन गाई घसरून पडल्या. एक ताजी व्यालेली गाय मागचे पाय फाकून बसली ती पुन्हा उठलीच नाही. गवंडी म्हणतो ॲसिड मारा, दुकानदार म्हणतो रबरी मॅट टाका, दीर म्हणतात सगळा कोबा फोडून टाकू. काय करू?

ताई, कोबा फोडू नका आणि ॲसिडही मारू नका. तुमचा कोबा मजबूत असेल, तर तोच कापून नीट करता येतो, आणि तोही सगळा कापायची गरज नाही. गेलेल्या गाईचं मला मनापासून वाईट वाटलं. पाय फाकलेली गाय उचलायला अनेकदा बोलावणं येतं, आणि दर वेळी खाली बघितलं की तोच चकाकणारा कोबा दिसतो. मी अठ्ठावीस वर्षं मंचर-नारायणगाव पट्ट्यात जनावरांची डॉक्टरकी करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गवंड्याला दोष देऊ नका. घरात कोबा करायचा तर वर सिमेंटचं पाणी सोडून पत्र्याच्या थापीने आरशासारखा घोटायचा, हेच त्याचं कसब. त्याने गोठ्यातही तेच केलं. पण आपण सगळा तळवा टेकवून चालतो आणि घसरू लागलो तर हाताने काहीतरी धरतो. गाईचं चार-पाचशे किलो वजन चार खुरांवर असतं, आणि त्यातला प्रत्येक खूर रुंदीला जेमतेम आपल्या तळहाताएवढा. त्यात ती उठते कशी ते आठवा. गुडघ्यांवर टेकते, मान पुढे फेकते आणि आधी मागचा भाग उचलते. त्या दोन-तीन सेकंदांत जवळजवळ सगळा जोर मागच्या दोन खुरांच्या टोकांवर येतो. ते मागे सरकले की गाय पोटावर आदळते, बाजूला सरकले की मांड्या फाकतात. म्हणून गाय चालताना पडते त्यापेक्षा उठताना, वळताना आणि माजावर दुसरीवर उडताना जास्त पडते. तुमच्या तीन गाई नेमक्या कुठे पडल्या ते आठवून पाहा. माझा अंदाज आहे की एक तरी दावणीच्या मागच्या कडेला, नालीजवळ पडली असेल, आणि एक तरी दारात किंवा पाण्याच्या टाकीपाशी वळताना.

आपल्या भागात हा प्रश्न आजोबांच्या काळात एवढा नव्हता. तेव्हा खिल्लार किंवा गावठी जनावर, अंगाने हलकं, खूर टणक, आणि पायाखाली माती नाहीतर मुरूम. १९६७ साली मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला ‘बायफ’ ही ग्रामविकास संस्था उभी केली, संकरित गाय दारोदार पोचली आणि पुणे जिल्ह्यात दूध वाढलं. गाय जड झाली, कास मोठी झाली, आणि त्याच सुमारास स्वच्छतेसाठी गोठ्यात सिमेंट आलं. स्वच्छतेचा विचार बरोबरच होता. पाय टिकतील कसे, हे मात्र फार कमी जणांनी पाहिलं. उसाच्या गाडीच्या बैलाला डांबरी रस्त्यासाठी आपण पत्र्या मारतो. गाईला काही मारता येत नाही, तिच्यासाठी जमीनच बदलावी लागते.

आता तुमचा कोबा तपासा. सकाळी शेण काढायच्या आधी, ओल्या शेणावर गमबूट घालून टाच टेकवा आणि जोर देऊन फिरवा. टाच सहज गरकन फिरली तर गाईचा खूरही तसाच फिरतो. मग जागा धुऊन काढा, बादलीभर पाणी ओता, आणि पाणी कुठे साचतं तिथे खडूने गोल करा. तिसरी गोष्ट म्हणजे गाई बघा. घसरण्याची भीती असलेली गाय मान खाली घालून, मागचे पाय फाकून, तोकडी पावलं टाकत चालते. जमिनीवर विश्वास असलेली गाय पुढच्या खुराच्या जागेवरच मागचा खूर ठेवते आणि मधेच थांबून तीन पायांवर उभी राहून मागच्या खुराने कान-मान खाजवते. तुमच्या गोठ्यात हे शेवटचं कधी पाहिलंत? हा प्रश्न मी प्रत्येक गोठ्यात विचारतो, आणि उत्तर आठवायला वेळ लागला की कोबा घसरडा आहे हे कळतं.

माजाचंही तसंच. मातीवर गाय जास्त वेळा आणि जास्त वेळ उडते, घसरड्या कोब्यावर ती उडायचं टाळते. मग ‘गाय माज दाखवत नाही, मुका माज आहे’ म्हणून आपण औषधं देत बसतो. संशय आला तर चार दिवस सकाळ-संध्याकाळ तासभर गाई मातीवर सोडा आणि बघा.

ॲसिडबद्दल. फरशी धुवायचं ते ॲसिड ओतलं की सिमेंटचा वरचा पापुद्रा जातो, वाळू उघडी पडते आणि पहिले काही आठवडे हाताला खरखरीत लागतं. पण ती खरखर सॅंडपेपरची असते. शेणाचा पातळ थर बसला की ती बुजते, आणि खुरांनी व फावड्याने काही महिन्यांत घासून जाते. मधल्या काळात कोब्याचा वरचा थर मात्र कमजोर झालेला असतो. शिवाय त्या वाफा तुमच्या छातीत जातात. हा उपाय मनातून काढून टाका.

दुसरा गावठी उपाय म्हणजे छिन्नी-हातोड्याने टाचे मारणं. इथे माझी स्वतःची चूक सांगतो, कारण ती एका शेतकऱ्याला महागात पडली. डॉक्टरकीच्या सुरुवातीच्या वर्षांत मीच एका गोठ्यात सांगितलं होतं की सगळ्या कोब्याला दाट टाचे मारा. घसरणं थांबलं. दोन-अडीच महिन्यांनी एकामागून एक गाई लंगडू लागल्या. खूर उचलून पाहिले तर तळवे इतके झिजलेले की अंगठ्याने दाबले तरी दबत होते, आणि काहींच्या आत रक्त साकळलेलं. खूर महिन्याला साधारण ५ मिमी वाढतो. म्हणजे आज आत मुका मार बसला की तो तळव्यावर दिसायला दोन महिने लागतात, आणि तोवर आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. त्या गोठ्याने मला शिकवलं की पकड खरखरीतपणातून येत नाही, ती खाचेच्या कडेतून येते. मधली जागा सपाट आणि खुराला सोसेल अशीच हवी. खूर सपाट जागेवर टेकला पाहिजे, आणि सरकू लागला की लगेच एका कडेला अडला पाहिजे.

कोब्यावर इंचभर मालाचा नवा थर देऊन त्यात खाचा पाडू, असंही कोणीतरी सुचवेल. घोटलेल्या कोब्याला एवढा पातळ थर धरत नाही. तडकतो, पोकळ वाजतो, आणि त्याच्या खपल्या उडून खुरात जातात.

तर खाचांची मापं. रुंदी १० ते १२ मिमी, खोली तेवढीच. एका खाचेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत ८ सेंमी अंतर. हे ८ सेंमी कुठून आलं? मोठ्या गाईचा खूर सुमारे १० सेंमी रुंद असतो. ८ सेंमीवर खाच असली तर खूर कुठेही पडला तरी किमान एक कड त्याच्याखाली येतेच. अंतर १५ सेंमी ठेवलं तर खूर दोन खाचांच्या मधे पडून सरळ घसरतो. मी असे गोठे पाहिले आहेत, पैसे खर्च झालेले आणि गाय तशीच पडणारी. याउलट खाचा फार जवळ घेतल्या तर खुराला टेकायला सपाट जागाच कमी राहते आणि तळवा झिजतो. खाच १२ मिमीपेक्षा रुंद केली तर खुराची कड तिच्यात अधांतरी राहते आणि नको तिथे भार येतो. खोली ६ मिमीपेक्षा कमी असेल तर शेणाने दोन दिवसांत बुजते.

कड सरळ, काटकोनी हवी. गोलसर कडेवरून खूर चढून पुढे जातो. कापल्यावर जी बारीक धार राहते तेवढीच पॉलिशच्या दगडाने एकदा घासून घ्या, त्यापेक्षा जास्त नाही.

दिशा कोणती? गाई चालतात त्या लांब वाटेवर खाचा वाटेच्या लांबीला समांतर घ्या. शेण ओढताना फावडं अडत नाही आणि पाणी उताराने वाहतं. पाय बाजूला फाकणं या सरळ खाचा चांगलं अडवतात. पण पुढे-मागे सरकणं त्या अडवत नाहीत. म्हणून दावणीच्या मागच्या दोन-अडीच फुटांत, जिथे मागचे खूर असतात, दारात, पाण्याच्या टाकीभोवती आणि वळणावर दोन्ही बाजूंनी तिरक्या, शंकरपाळ्यासारख्या खाचा घ्या. तिथे दोन खाचांमधलं अंतर १० ते १२ सेंमी चालतं, कारण दोन्ही दिशांनी कडा मिळतात. दावणीवर खाचा गव्हाणीला समांतर आडव्या मारू नका. मूत त्यातच तुंबतं.

काम करणाऱ्याशी बोलण्याआधी हिशेब हाताशी ठेवा. ८ सेंमी अंतराने एकाच दिशेच्या खाचा असतील तर १०० चौरस फुटांत सुमारे ३८० फूट लांबीची खाच होते. १२ सेंमीच्या शंकरपाळी खाचा असतील तर दोन्ही दिशा मिळून ५०० फुटांच्या आसपास. म्हणूनच मी म्हणतो, सगळा गोठा कापायला काढू नका. गव्हाणीजवळच्या भागात गाय फक्त पुढचे पाय ठेवते, तो भाग तसाच राहिला तरी चालतं. भाव चौरस फुटावर ठरवणार असाल तर अंतर आणि खोली आधी कागदावर लिहून घ्या, नाहीतर ८ चे १५ सेंमी कधी होतात ते कळत नाही.

यंत्राचं म्हणाल तर भिंतीत वायरिंगसाठी झिरी मारतात ते दोन ब्लेडचं कटर किंवा रस्ता कापायचं मोठं कटर, दोन्हीने हे काम होतं. साध्या ग्राइंडरनेही होतं, पण रेष सरळ राहत नाही आणि खोली कमी-जास्त होते. १ सेंमी अंतरावर दोन समांतर चिरा घ्यायच्या आणि मधली पट्टी छिन्नीने उडवायची. आधी सुतळीला रंग लावून कोब्यावर रेषा मारून घ्या. पाणी सोडत कापायला सांगा, कारण कोरड्या सिमेंटची धूळ फुफ्फुसात कायमची बसते. कापणाऱ्याला मास्क हवाच. पाणी आणि वीज एकत्र येते, म्हणून जोडणीला अर्थिंग आणि ट्रिप होणारा स्विच आहे ना ते बघा. त्या दिवशी गाई गोठ्यात ठेवू नका, नुसतं एका कोपऱ्यात सरकवूनही नाही. काम संपल्यावर खाचांत राहिलेला सिमेंटचा राडा भरपूर पाण्याने धुऊन काढा, सुकला की तो खाचेतच घट्ट होतो. तुमचा कोबा चार इंची असेल तर १ सेंमी खाचेने त्याला काही होत नाही. दोन इंचाचाच असेल आणि खाली नीट सोलिंग (दगडांचा थर) नसेल, तर आधी एका कोपऱ्यात कापून बघा.

जे अजून गोठा बांधायचे आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. माल १:१.५:३ (सिमेंट, वाळू, खडी), जाडी चार इंच, खाली दगडी सोलिंग आणि धुमस केलेला मुरूम. पाणी सिमेंटच्या एका गोणीला २५ लिटरच्या आत, आणि वाळू ओली असेल तर त्याहून कमी. पाणी जास्त झालं की सिमेंट आणि क्रश सॅंडची भुकटी वर तरंगून येते आणि तोच थर पुढे गुळगुळीत होऊन सोलतो. वर पत्र्याची थापी फिरवू देऊ नका. लाकडी रंध्याने सपाट करून खराटा ओढा आणि माल अर्धवट आवळला की खाचा पाडा. खाचांसाठी गवंडी गोल सळई दाबतात. तिने कडा गोल होतात आणि बाजूचा माल उचलला जाऊन उंचवटा राहतो. चौकोनी पट्टी वापरा. माल सुकल्यावर उंचवटे दगडाने घासून काढा. किमान आठवडाभर पाणी मारा आणि शक्यतो २८ दिवस गाई चढवू नका. ताज्या सिमेंटचा क्षार ओल्या खुराला मऊ करतो आणि नवी खरखर त्याच काळात तळवा खाते.

उताराबद्दल एवढंच की सहा फुटांच्या जागेत दीड ते पावणेदोन इंच पुरे. ‘पाणी लगेच गेलं पाहिजे’ म्हणून लोक तीन-तीन इंच उतार देतात. मग गाय सतत मागच्या पायांवर तोल सावरत उभी राहते आणि उठताना उताराच्या दिशेनेच सरकते.

खाचा मारल्या म्हणजे शेण काढायचं थांबलं असं नाही. सगळ्यात घसरडा थर असतो तो अर्धवट वाळलेल्या शेणावर नुकतंच मूत पडलेला. उन्हाळ्यात फॉगर, म्हणजे गारव्यासाठी पाण्याचे बारीक फवारे, लावल्यावरही नेमकं हेच होतं, म्हणून फॉगर दावणीच्या मागच्या भागावर सोडू नका. दोनदा शेण ओढताय ते दूध काढायच्या आधी ओढा, नंतर नाही, कारण गाईंची खरी हालचाल धारेच्या वेळी होते. तुम्ही स्वतः भरलेली बादली घेऊन त्याच वेळी त्याच वाटेने जाता. पावसाळ्यात पागोळ्या पडतात तिथे शेवाळ धरतं. ते ताठ ब्रशने घासून ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवा आणि मग साध्या पाण्याने. विझवलेल्या चुन्याची फक्की आठवड्यातून दोनदा हलकी भुरभुरली तर ओल कमी होते, पण थर देऊ नका. सड आणि खुरांची बेचकी भाजते. भाजलेली चुनकळी तर अजिबात नको. आणि क्रशरची कच कोणी टाकायला सांगितली तर टाकू नका. तिचे टोकदार खडे खुराच्या पांढऱ्या रेषेत, म्हणजे तळवा आणि नखीची भिंत जुळते तिथे, घुसतात आणि आत पू होतो. या पावसाळ्यापुरता कोरडा भुसा किंवा बारीक केलेलं पाचट मागच्या भागात पसरा आणि रोज बदला.

मॅटबद्दल तुमच्या दुकानदाराचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. गाय दिवसातले दहा-बारा तास बसते, त्या जागेवर रबर चांगलंच. मॅट घ्यायच्या आधी दुकानात तिच्यावर गुडघे टेकून पडून बघा. तुमचा गुडघा दुखला तर गाईचाही दुखणार. पण वर शेणाचा बुळबुळीत थर बसला की रबरही घसरतं, आणि मॅटखाली मूत साठून वास सुटतो, डास होतात. आठवड्यातून एकदा उचलून खालून धुणार असाल तरच घ्या. चालायच्या वाटेवर आणि वळणावर मात्र मॅट हे खाचांना पर्याय नाहीत. तिथे त्या सरकतात आणि गाय मॅटसकट जाते.

आता खूर. वाढलेल्या नख्यांची गाय कितीही चांगल्या कोब्यावर घसरते, कारण टोक वर उचललं जातं आणि सगळा भार टाचेवर येतो. नखीची लांबी पुढून मोजून साधारण साडेसात ते आठ सेंमी असावी. वर्षातून दोनदा खूर साळून घ्या, एकदा गाय आटवताना (विण्याआधी दूध बंद करताना) आणि एकदा व्याल्यानंतर तीनेक महिन्यांनी. खाचा मारल्यावर पहिले दोन-तीन महिने दर पंधरा दिवसांनी दोन-चार गाईंचे मागचे बाहेरचे खूर उचलून तळवा दाबून बघा. भार सर्वांत जास्त त्याच खुरावर असतो, झीजही तिथेच आधी दिसते.

जी गाय गेली तिच्याबद्दल बोलायला मला जड जातंय, पण पुढच्या गाईसाठी सांगतो. व्याल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत रक्तातलं कॅल्शियम उतरतं, पायांत ताकद राहत नाही. त्यात वासरू मोठं असेल तर बाहेर येताना कमरेतल्या नसा दबतात आणि मांडी आत ओढायची ताकद जाते. अशी गाय कोब्यावर उठायला गेली की पाय फाकतात आणि मांडीचे स्नायू फाटतात. म्हणून विण्याच्या आठवडाभर आधीपासून ते नंतर तीन दिवस गाय मातीवरच ठेवा, कोब्यावर नको. पाय अडखळताना दिसले तर डॉक्टरला बोलवा, आणि तोवर मागच्या दोन पायांना, खुराच्या वरच्या सांध्यावर, मऊ सुती पट्ट्याने हातभर अंतर ठेवून बांधा, म्हणजे फाकणार नाहीत. बसलीच तर शेपटी किंवा गळ्यातलं दावं धरून ओढू नका. जाड ताडपत्रीवर लोटून मातीवर न्या, खाली जाड पाचट द्या, आणि दर तीन-चार तासांनी कूस बदला. स्वतःच्या वजनाने खालच्या पायाचं रक्त अडतं. टणक जमिनीवर काही तास गेले तरी तो पाय कायमचा जाऊ शकतो.

आणि शेवटची गोष्ट, जी कदाचित सगळ्यात आधी सांगायला हवी होती. तुमच्या गोठ्याशेजारी मोकळी जागा असेल तर तिला जाळी किंवा पाइपाचं कुंपण घाला, मुरूम-माती टाका, थोडी सावली करा आणि दोन धारांच्या मधे गाई तिथे सोडा. मुक्त संचार गोठ्याचं हेच तर मर्म आहे. कोबा गव्हाणीपाशी आणि धारेच्या जागी पुरे. बाकी वेळ खुराला माती मिळाली तर अर्धे प्रश्न उभेच राहत नाहीत.

तुमच्या अठरा गाईंसाठी मी असं करीन. या आठवड्यात पाचट, शेण काढायची वेळ बदलणं, आणि विण्याला आलेल्या गाई मातीवर. पावसाने उघडीप दिली की आधी दावणीचा मागचा अडीच फुटांचा पट्टा, दार आणि टाकीभोवतीची जागा शंकरपाळी खाचांनी कापून घ्यायची. मधली वाट लगेच नाही. पंधरा दिवस थांबा, सकाळी धारेनंतर अर्धा तास नुसत्या बघत उभ्या राहा. एखादी गाय वाटेवर मधेच थांबून मागच्या खुराने मान खाजवताना दिसली तर वाट तशीच राहू द्या. नाहीच दिसली तर ८ सेंमीच्या सरळ खाचा तिथेही मारून घ्या.